‘नो ग्रोथ’ आलं म्हणजे पैसे पाण्यात गेले का?

चोपडा तालुक्यातल्या एका तरुण केळी उत्पादकाचा प्रश्न आहे. वडील, म्हणजे घरातले आबा, वय ६४. पंधरा-सोळा दिवसांपासून ताप. दुपारनंतर चढतो, रात्री घाम फुटून उतरतो, आणि कंबर धरलेली. गावच्या डॉक्टरांनी चार दिवस सलाईन, इंजेक्शनं, गोळ्या दिल्या. गुण आला नाही म्हणून जळगावला आणलं. तिथे वायडल नावाची टायफॉईडची रक्ततपासणी झाली, ‘थोडा टायफॉईड’ निघाला. रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, लावलं, पाच दिवसांनी ‘नो ग्रोथ’. लघवीच्या कल्चरवर लिहून आलं, ‘तीन प्रकारच्या जंतूंची वाढ, नमुना पुन्हा पाठवावा.’ मुलगा चिडलाय. त्याचे शब्द असे: “एवढे पैसे घेऊन लॅबने काय केलं? आणि ही मायक्रोबायोलॉजी म्हणजे नेमकं करतात तरी काय?”

मी बावीस वर्षं हेच, नमुन्यांत जंतू शोधण्याचं, काम करते आहे, आधी धुळ्याला, मग जळगावला. वॉर्डातून खाली येणाऱ्या म्हाताऱ्या आया खिडकीशी उभ्या राहून विचारतात, “बाई, काय निंघनं?” आणि दिवसातून दहा वेळा मला सांगावं लागतं की अजून काही निघालं नाही, उद्या या. एक आजी तर तोंडावर म्हणाली होती, “रगत काढी लेतस, सांगतस काहीच नही.” तिचा राग मला पटला होता. म्हणून सविस्तरच लिहिते.

आधी ‘नो ग्रोथ’. याचा अर्थ ‘रक्तात जंतू नाहीत’ असा नाही. याचा अर्थ एवढाच, की आम्हाला मिळालेल्या त्या आठ-दहा मिलिलिटर रक्तात, मिळालं त्या अवस्थेत, पाच दिवसांत काही वाढलं नाही. मोठ्या माणसाच्या रक्तात जंतुसंसर्ग असला तरी एका मिलिलिटरमध्ये कित्येकदा एखाद-दुसराच जिवंत जंतू असतो, कधी तोही नसतो. म्हणून तर आम्ही एका बाटलीला ८ ते १० मिलि रक्त मागतो, आणि दोन वेगवेगळ्या हातांतून मागतो. नातेवाईक म्हणतात, केवढं रक्त काढलं! शरीरात पाच लिटर असतं हो. दोन मिलि रक्तात शोधणं म्हणजे तापीतून लोटाभर पाणी काढून मासा आहे की नाही ते ठरवण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. आबांचं रक्त घेतलं तेव्हा चार दिवसांची अँटिबायोटिक त्यांच्या अंगात होती. आजच्या बाटल्यांमध्ये औषध शोषून घेणारे बारीक मणी असतात, त्याने थोडी मदत होते. पण अर्धमेले जंतू त्याने पुन्हा उठून बसत नाहीत. कल्चर हे अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी घ्यायचं असतं. हा नियम प्रत्येक डॉक्टरला माहीत असतो आणि खेड्यात तो पाळला जात नाही, कारण रात्री आठ वाजता तापाने फणफणलेला माणूस समोर असतो आणि कल्चरची बाटली पन्नास किलोमीटरवर असते. त्या डॉक्टरला मी दोष देत नाही. पण मग पाचव्या दिवशी ‘नो ग्रोथ’ आलं की दोष लॅबच्या माथी मारू नये, एवढं म्हणते.

बाटली मशीनमध्ये ठेवली की मशीन दर दहा मिनिटांनी तिच्याकडे बघतं. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, तळाचा रंग किंवा चमक बदलते आणि यंत्र ओरडतं. खरे जंतू बहुतेक वेळा पहिल्या २४ ते ४८ तासांत सापडतात. पाच दिवस थांबतो ते मागे राहिलेल्या हळूबाईंसाठी.

आता लघवी. इथे मी मुलाला उलट प्रश्न विचारला होता, नमुना कसा घेतला? उत्तर आलं: सकाळी सहाला, घरी, खोकल्याच्या औषधाची बाटली गरम पाण्याने धुऊन तिच्यात. आठ वाजता चोपड्याच्या कलेक्शन सेंटरला दिली. तिथून गाडी निघाली साडेदहाला. जळगावला पोचायला बारा-साडेबारा. महिना मे.

म्हणजे साडेसहा तास. पोषक वातावरणात ई. कोलाय हा जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. दोन तासांत एकाचे चौसष्ट, तीन तासांत पाचशे बारा. आणि आपल्याकडच्या मेमध्ये तो गाडीच्या डिकीत किती आरामात वाढत असेल! पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘नमुना खोलीच्या तापमानाला ठेवावा.’ ती खोली जिथे पुस्तक लिहिलं तिथली, २०-२५ अंशांची. आमचं इन्क्युबेटर, ज्यात आम्ही मुद्दाम जंतू वाढवतो, ते ३५ ते ३७ अंशांवर असतं. जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो तेव्हा आमच्या इन्क्युबेटरपेक्षा बाहेरचा रस्ता गरम असतो. रावेर-सावद्याच्या माणसाला केळीचा घड उन्हात तासभर राहिला तर काय होतं ते शिकवावं लागत नाही. लघवीच्या डबीचं तसंच आहे, फक्त ती बाहेरून काळी पडत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

एक लाख जंतू प्रति मिलिलिटर हा जो आकडा रिपोर्टवर दिसतो तो एडवर्ड कास या अमेरिकन डॉक्टरांनी १९५० च्या दशकात रूढ केला. खरा संसर्ग आणि बाहेरून मिसळलेले जंतू यांच्यात फरक करण्यासाठी. आम्ही एका मिलिलिटरचा हजारावा भाग मावेल अशा तारेच्या कडीने लघवी प्लेटवर ओढतो. एका जंतूपासून एक ठिपका वाढतो. दुसऱ्या दिवशी शंभर ठिपके दिसले तर एक लाख. पण हे गणित ताज्या लघवीचं आहे. सहा तास शिजलेल्या लघवीत हजाराचे लाख आणि लाखाचे कोटी सहज होतात. त्यात तीन-तीन प्रकारचे जंतू दिसले की आम्ही ओळखतो, हे मूत्राशयातलं नाही, हे त्वचेवरचं आणि बाटलीतलं आहे. अशा वेळी त्या तिघांवर औषधांची चाचणी लावून तीन पानी रिपोर्ट देणं सोपं असतं, बिलही मोठं होतं. ‘पुन्हा पाठवा’ लिहिणारी लॅब प्रामाणिक आहे. तिच्यावर चिडू नका.

मग आमच्या विभागात दिवसभर काय चालतं? सकाळी सगळ्यात आधी नमुने नाकारण्याचं काम. लोकांना हे ऐकून आश्चर्य वाटतं. कॅथेटरच्या पिशवीतली लघवी, परत. ती पिशवी रात्रभर खाटेला लटकलेली असते. नळीला चिमटा लावून वरच्या तोंडातून सुईने काढायची असते. थुंकीच्या डबीत नुसती लाळ, परत. हे डोळ्यांनी ठरवत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. कमी ताकदीच्या भिंगात एका नजरेत २५ च्या वर पूपेशी आणि १० च्या आत तोंडातल्या पेशी असतील तर तो छातीतला बेडका. उलटं असेल तर ती लाळ. तिच्यात न्यूमोनिया शोधणं म्हणजे ओसरी झाडून माजघरातली हरवलेली अंगठी शोधणं.

त्यानंतर ग्रामचं रंगकाम, म्हणजे काचेवरच्या जंतूंना रंग देऊन बघणं. हान्स क्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली ही पद्धत सांगितली, आणि आजही पाच मिनिटांत आणि काही रुपयांत इतकं मोलाचं उत्तर देणारी दुसरी चाचणी माझ्याकडे नाही. जांभळे गोल दाणे, गुलाबी काड्या, जोडीजोडीने की माळेत की द्राक्षाच्या घडासारखे, एवढ्यावरून डॉक्टरचं औषध त्याच दिवशी बदलू शकतं. पण रिपोर्टवर पहिल्या ओळीत लिहिलेलं हे ग्राम स्टेन कुणी वाचत नाही. सगळे शेवटच्या औषधांच्या यादीकडे धावतात.

मग प्लेटवर पेरणी. हा शब्द आम्ही खरंच वापरतो. प्लेटमधली ती जेली म्हणजे अगार, स्वयंपाकघरातलं चायना ग्रास. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोखच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटीन वापरत, ते उबेत वितळून जायचं. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसेची बायको फॅनी हेसे जेली-मुरांब्याला अगार वापरायची, तिने १८८१ च्या सुमारास ते सुचवलं. अगार एकदा गोठलं की ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही. जिलेटीनवरच राहिलो असतो तर जळगावात फेब्रुवारी ते जून ही लॅब बंद ठेवावी लागली असती.

तीन दिवस का लागतात, याचं उत्तर दुधाच्या पातेल्यात आहे. रात्री विरजण लावलं तर दही सकाळी. तासाभराने झाकण काढून बघितलं म्हणून ते लवकर लागत नाही. आज पेरलं की उद्या सकाळी ठिपके दिसतात. उद्या ते ओळखायचे आणि त्यांच्यावर औषध जिरवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या. त्या वाचायला आणखी १६ ते १८ तास, म्हणजे परवा. “तीन दिन लागतीन” हे आमचे टेक्निशियन म्हणतात ते आळसाने नाही. स्वयंचलित यंत्रं दुसरा टप्पा काही तासांनी कमी करतात. मोठ्या शहरांत आता असं यंत्र आहे की ठिपका ठेवला की काही मिनिटांत जंतूचं नाव सांगतं. पण पहिली रात्र कुणालाच टळलेली नाही, ठिपका यायला जंतू वाढावाच लागतो.

औषधांच्या यादीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

चकतीभोवती जिथे जंतू वाढत नाही तिथे मोकळं वर्तुळ पडतं. १९६६ साली बाऊर, किर्बी आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत एका मापात बसवली. अगारची जाडी ४ मिलिमीटर, जंतूंचा गढूळपणा ठरलेला, तापमान ठरलेलं. वर्तुळ मोजायचं आणि त्या जंतूसाठी, त्या औषधासाठी ठरवून दिलेल्या तक्त्याशी ताडायचं. प्रत्येक औषधाचा आकडा वेगळा. म्हणजे २२ मिलिमीटरचं वर्तुळ एका औषधाला ‘चालतं’ आणि दुसऱ्याला त्याच मापाला ‘चालत नाही’. तरी काही जण फोन करतात, “मॅडम, सगळ्यात मोठं वर्तुळ कुणाचं?” यंत्राच्या रिपोर्टवर एमआयसी म्हणून आकडा येतो, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी औषधाची सगळ्यात कमी मात्रा. तिथेही तसंच, सगळ्यात लहान आकडा म्हणजे सगळ्यात चांगलं औषध, असं नसतं. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडायचेच नसतात.

आणि प्लेट ही माणूस नाही. नायट्रोफ्युरँटॉईन लघवीच्या जंतूला प्लेटवर छान मारतं आणि मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला उत्तम औषध आहे. पण ते रक्तात आणि मूत्रपिंडाच्या मांसात पुरेसं साचत नाही. थंडी वाजून ताप येणाऱ्या माणसाला ते देऊन उपयोग नाही. टायफॉईडचा जंतू प्लेटवर जेंटामायसिनला मरतो आणि शरीरात पेशींच्या आत लपून जिवंत राहतो. म्हणून आम्ही त्या जंतूसाठी जेंटामायसिनचा निकाल मुद्दाम छापतच नाही. कोलिस्टिन चकतीने तपासताच येत नाही, औषध अगारमध्ये नीट पसरत नाही. ज्या रिपोर्टवर कोलिस्टिन चकतीने ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलंय त्या लॅबला मी दोन प्रश्न विचारीन. कधी कधी साधी औषधं चालत असतील तर आम्ही भारी औषधांची नावं मागे ठेवतो. नातेवाईकांना वाटतं, रिपोर्ट अर्धवट दिला. तो मुद्दाम तसा दिलेला असतो. मेरोपेनेमसारख्या भारी औषधाचं नाव दिसलं की डॉक्टर तेच लिहून देतात, हा माझा अनुभव आहे.

अजून एक आपल्याकडची अडचण, वीज. चकत्या थंडीत ठेवाव्या लागतात. दोन-दोन तास लाईट गेली आणि फ्रिज तापला की काही औषधं, विशेषतः इमिपेनेमसारखी, चकतीतच मरू लागतात. मग वर्तुळ लहान येतं आणि चांगला जंतू उगाच ‘रेझिस्टंट’ ठरतो. म्हणून ज्याची मापं आधीच माहीत आहेत असा एक ओळखीचा जंतू आम्ही पाळलेला असतो आणि त्याच्यावर चकत्या तपासतो. तो नापास झाला तर त्या दिवशीचे रिपोर्ट थांबतात. हे काम कुठल्याच बिलात दिसत नाही.

वायडलबद्दल मी गप्प बसणार होते, पण आबांना ‘थोडा टायफॉईड’ झालाय म्हणे. थोडा टायफॉईड म्हणजे थोडी गरोदर. ही चाचणी फर्नांड विदाल यांनी १८९६ साली काढली, तेव्हा ती कमालच होती. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती पहिल्या आठवड्यात बहुधा तयारच झालेली नसतात, आणि आपल्यासारख्या भागात, जिथे टायफॉईड वर्षानुवर्षं आहे, तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही थोडीफार सापडतात. जुना संसर्ग, जुनी लस, दुसराच कुठला ताप, कशानेही आकडा वर येतो. एकदा केलेली १:८० ची, म्हणजे रक्तद्रव ऐंशीपट पातळ करूनही दिसलेली, वायडल काहीच सिद्ध करत नाही. आठ-दहा दिवसांनी पुन्हा केली आणि आकडा चौपट झाला तर तिच्यात काही दम. खानदेशात जितके ‘टायफॉईड’ सलाईनच्या बाटल्यांवर बरे झाले त्यातले किती जण आपोआप बरे होणारे साधे व्हायरल होते, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. टायफॉईडची खरी तपासणी म्हणजे पहिल्या आठवड्यात, औषधाआधी, रक्ताचं कल्चर. फिरून तिथेच आलो.

टीबीची खोली वेगळी असते, हवा आत खेचणारी कॅबिनेट असते, आम्ही तिथे तोंडाला साधा रुमाल बांधून जात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचा जंतू दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू लागतात, म्हणून ‘थुंकी निगेटिव्ह’ म्हणजे टीबी नाही असं नसतं. सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी यंत्रावरची तपासणी, त्याहून कितीतरी कमी जंतू पकडतं, दोनेक तासांत, आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालणार की नाही तेही सांगतं. सरकारी केंद्रात ही तपासणी फुकट आहे. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून पायपीट करून आलेली माणसं खाजगीत दोन-दोन हजार मोजून, शिवाय चुकीची, रक्ताची टीबी तपासणी करून घेतात तेव्हा वाईट वाटतं. कल्चरला मात्र सहा आठवडे थांबावं लागतं. टीबीचा जंतू ई. कोलायसारखा घाईत नसतो.

डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस यांच्या तपासण्याही आमच्याकडेच. तिथे एकच ध्यानात ठेवा, तापाचा कितवा दिवस हे लिहा. डेंग्यूची एनएस-१, म्हणजे विषाणूचाच अंश शोधणारी तपासणी, पहिल्या पाच दिवसांत कामाची, आयजीएम, म्हणजे प्रतिद्रव्यं शोधणारी, त्यानंतर. दिवस चुकला की खरा डेंग्यूही निगेटिव्ह येतो.

बुरशीचं काम शेतकऱ्यांनी जरूर वाचावं. ज्वारी-बाजरी काढताना कुसळ डोळ्यात जातं, पऱ्हाटीची काडी लागते, केळीच्या पानाची कडा घासते. डोळा लाल होतो, माणूस मेडिकलमधून थेंब आणतो, त्यात स्टेरॉईड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग बुबुळावर पांढरा डाग. ती बुरशी असते, आणि स्टेरॉईडने तिला रान मोकळं मिळालेलं असतं. नेत्रतज्ज्ञाने बुबुळावरून खरवडून काचेवर दिलं आणि आम्ही त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की दहा-पंधरा मिनिटांत धागे दिसतात. त्याच दिवशी उपचार बदलतो. इतक्या स्वस्त तपासणीवर डोळा वाचतो, आणि तरी महिन्याला ती बोटांवर मोजण्याइतकीच येते.

इथे एक दुखणं सांगून टाकते. एका सर्जनने गुडघ्यातला खराब झालेला हाडाचा तुकडा पाठवला, टीबी आणि बुरशी दोन्हींसाठी. डबी उघडली तर फॉर्मलिनचा वास. सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये. ते पॅथॉलॉजीसाठी बरोबर, कारण तिथे रचना टिकवायची असते. आमच्यासाठी तो तुकडा मेलेला. साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये हवा होता. मी ऑपरेशन थिएटरला फोन केला तेव्हा टाके घालून झाले होते. त्या बाईला महिनाभराने पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. तेव्हापासून आमच्या खिडकीवर ‘सलाईन’ हा शब्द लाल अक्षरात लिहिलेला आहे.

पाठीच्या कण्यातलं पाणी हा याच्या उलट प्रकार. बहुतेक नमुने थंड ठेवा म्हणून आम्हीच शिकवतो आणि हे मात्र कधीही थंड ठेवायचं नाही. मेंदूज्वराचे काही जंतू गारठ्याने मरतात. एकदा तालुक्याच्या गावाहून एका मुलाचा काका ती नळी घेऊन आला होता, रसवंतीवरून बर्फ मागून घेतलेला, त्यात नळी नीट गुंडाळलेली. एवढ्या काळजीने आणलेल्या नमुन्याला काय बोलणार? मी ग्राम स्टेन तरी केलं, कारण मेलेला जंतूही रंग घेतो. पूपेशी भरपूर, आणि गुलाबी रंगाच्या जोड्या. रात्री पावणेबाराला मुलांच्या डॉक्टरला फोन केला. कल्चर काही वाढलं नाही, पण फोन पोचला होता. असे फोन, म्हणजे रक्तात जंतू दिसला, मेंदूच्या पाण्यात दिसला, की रिपोर्ट छापायच्या आधी तोंडी कळवणं, हे माझ्या मते आमच्या विभागाचं सगळ्यात मोठं काम आहे. तुमच्या रुग्णालयातली लॅब असे फोन करते का, हे जरूर विचारा.

काही कामं तुम्हाला दिसतच नाहीत. डायलिसिसच्या पाण्याची तपासणी, एका मिलिलिटरमध्ये शंभरापेक्षा कमी जंतू असावे लागतात. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने उपकरणं शिजवणारं यंत्र, खरोखर निर्जंतुक करतो का हे बघायला त्यात १२१ अंशांनाही चिवटपणे टिकणाऱ्या जंतूच्या बीजाणूंची पट्टी ठेवणं. आणि कान उघडे ठेवणं. एकदा एकाच आठवड्यात नवजात विभागातल्या तीन बाळांच्या रक्तात क्लेबसिएला या जंतूची वाढ आली, तिन्हींची औषधांची यादी ओळीला ओळ सारखी. तीन रिपोर्ट वेगवेगळ्या दिवशी गेले असते तर कुणाला काही वाटलं नसतं. आम्ही वर जाऊन नमुने घेतले, तर ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीच्या, ह्युमिडिफायरच्या, पाण्यात तीच. पाणी रोज बदलायचं ठरलं, चौथं बाळ झालं नाही. वर्षाअखेरीला अशा सगळ्या जंतूंचा हिशेब मांडून आम्ही डॉक्टरांना तक्ता देतो, आपल्या रुग्णालयात कुठला जंतू कुठल्या औषधाला किती टक्के दाद देतो. एका रुग्णाचा पहिलाच जंतू धरायचा, आणि तीसपेक्षा कमी नमुने असतील तर टक्का काढायचा नाही. मुंबई-दिल्लीचे तक्ते इथे चालत नाहीत. शिरपूरच्या शेतात जे पिकतं ते पुण्याच्या बाजारभावावरून ठरत नाही.

आता आबा. ताप अजून आहे, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना हे विचारा: अँटिबायोटिक दोन-तीन दिवस थांबवणं सुरक्षित आहे का? हा निर्णय त्यांचाच, तुम्ही घरी परस्पर गोळ्या बंद करायच्या नाहीत. ते हो म्हणाले तर कल्चर पुन्हा लावा, दोन हातांतून, पुरेशा रक्ताचं. लघवीसाठी लॅबमधून निर्जंतुक डबी घ्या, घरची कुठलीच बाटली नको. आबांना जळगावलाच लघवी द्यायला लावा. आधी स्वच्छ धुणं, पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत. दोन तासांत लॅबमध्ये. चोपड्यालाच द्यायची असेल तर सेंटरवाल्याकडे बर्फाचा डबा आहे का ते आधी बघा, नसेल तर देऊ नका. छातीचा एक्स-रे आणि बेडका येत असेल तर सीबीनॅट, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. दुपारचा ताप आणि रात्रीचा घाम म्हटलं की टीबी मनातून काढता येत नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सहज लिहून गेलात, की आबा घरच्या दोन म्हशींचं सगळं स्वतः करतात. मी तिथेच थांबले. म्हैस व्यायली तेव्हा जार त्यांनी हातांनी काढला का? मागच्या वर्षभरात एखादीने गाभ टाकला का? धारोष्ण दूध पितात का? चढ-उतार होणारा ताप, घाम आणि कंबरदुखी, सोबत गुरं, असं असलं की आम्ही ब्रुसेलोसिसचा, म्हणजे गुरांकडून माणसाला होणाऱ्या एका जंतुसंसर्गाचा, विचार करतो. त्याची रक्तातली प्रतिद्रव्यांची तपासणी वेगळी असते, ती कुणी मागितल्याशिवाय होत नाही. तो जंतू हळू वाढतो, म्हणून आधी माहीत असेल तर आम्ही बाटली जास्त दिवस ठेवतो. आणि तो प्लेटवरून उडून टेक्निशियनच्या नाकात जाऊ शकतो, म्हणून आधी माहीत असेल तर ती प्लेट आम्ही उघड्यावर उघडत नाही. आबांना तोच आजार आहे असं मी म्हणत नाही. पण तपासणीच्या चिठ्ठीवर, जिथे नुसतं ‘ताप’ लिहिलेलं असतं, तिथे डॉक्टरांना सांगून हे चार शब्द वाढवून घ्या: ‘सोळा दिवस, घरी म्हशी’. शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही त्याखाली.